अंगणातला चिखलदरा

रिठदच्या इंद्रभानजींना उन्हाळा सोसत नसे. तसा तो गावात कुणालाच सोसत नव्हता, पण बाकीचं गाव गुमान सोसायचं आणि इंद्रभानजी बोलून सोसायचे. चैत्र सरला की डोक्यावर ओलं फडकं, बंडीच्या खिशात पांढरा कांदा आणि तोंडात एकच गोष्ट, "हे काई मानसाचं जगनं नोहे बाप्पा!"

माणूस मोठा गोड. जमीन काळीभोर, दावणीला दोन बैलजोड्या, भावकीत शब्दाला मान. खोड एकच. काम करण्यापेक्षा ते काम कसं करायचं हे ठरवण्यात त्यांचा जीव रमायचा. शेतात विहीर खणायची तर जागा ठरवण्यात दोन उन्हाळे गेले. तेवढ्यात शेजारच्या धुऱ्यावाल्यानं, बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्यानं, आपली विहीर खणली, बांधली आणि तिचं पाणी इंद्रभानजींच्या बैलांनाही पाजलं. लेकीचं, पंचफुलाचं, लग्न रंगूबाईनं परस्पर भावाच्या मदतीनं जमवलं म्हणून झालं. इंद्रभानजी तेव्हा मांडवाचं तोंड कुठल्या दिशेला हवं याचाच विचार करत होते.

सन अडतीसच्या उन्हाळ्यात रंगूबाईच्या भावाच्या, रामरावांच्या, घरी वाशीमला लग्न होतं. रामराव रस्त्यांचे ठेकेदार, त्यांच्याकडे कापडी टपाची मोटार होती. जेवणाच्या पंगतीत इंद्रभानजींच्या शेजारी परतवाड्याचा एक लाकडाचा व्यापारी बसला होता. उकाड्यानं सगळ्यांच्या बंड्या पाठीला चिकटलेल्या. व्यापारी बुंदी चिवडत सहज म्हणाला, "आमच्या चिखलदऱ्यावर या दिसात रातच्याले वाकळ लागते."

इंद्रभानजींचा घास हातातच राहिला. "वाकळ? वैशाखात?"

"एक नाई, दोन. पहाड हाये भाऊ तो. तलाव हायेत, झाडी हाये, वारा असा का पागोटं धरून चालाव लागते."

इंद्रभानजी त्या पंगतीत पुढं काय जेवले ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, तरी ते रामरावांच्या ओट्यावर वाकळेचाच विचार करत बसले. शेवटी रामराव वैतागून म्हणाले, "जवाईबापू, माही मोटार घेऊन जा. डायवर रतनसिंगही देतो. आठ दिस घरच्या मानसाइले घेऊन फिरून या. मिरगाच्या अंदी वापस आले म्हंजे झालं."

एवढं बोलून रामराव मोकळे झाले, आणि रिठदला रंगूबाईच्या मागं भुंगा लागला.

दुसऱ्याच दिवशी इंद्रभानजींनी अंगण शेणानं सारवून घेतलं आणि त्यावर चुन्यानं रस्ता काढला. नुसत्या रेघांनी त्यांचं समाधान होईना. मग घरातून एकेक वस्तू बाहेर यायला लागली. दारातला पाण्याचा गडवा म्हणजे रिठद. उखळ म्हणजे वाशीम. पायलीचं माप मालेगाव, दोन विटा म्हणजे पातूरचा घाट, पाटा-वरवंटा म्हणजे अकोला. पूर्णा नदीसाठी रंगूबाईचं जुनं निळं लुगडं आडवं पसरलं. पार तिकडं, तुळशीपलीकडं, एक मोठं टोपलं पालथं घातलं: तो चिखलदरा. येताना मेहकरवरून वाट वाकडी करून लोणारचं तळंही पाहायचं होतं, म्हणून गोठ्याजवळ परातीत पाणी भरून ठेवलं. आणि ह्या सगळ्यातून फिरणारी मोटार म्हणजे एक पिवळं लिंबू.

गावातली माणसं बघायला यायला लागली. इंद्रभानजी हातात काठी घेऊन उभे राहायचे, लिंबू सरकवायचे आणि सांगायचे, "पयल्या दिशी अकोला. दुसऱ्या दिशी पूर्णा उतरून परतवाडा. तिसऱ्या दिशी, थंड्या पायटी, घाट."

"तुमी गेले होते काय कधी?" कुणी विचारलं तर म्हणायचे, "जाऊनच राह्यलो ना!"

असं बोलणं ऐन रंगात आलं की रंगूबाई घरातून यायची. "अवो, तुमचं अकोला उचला. मले चटणी वाटाची हाये."

"अवं, आता नोको! मोटार अकोल्यातच उभी हाये!"

"तं तिले घडीभर पातूरले उभी करा." आणि ती अकोला कमरेवर घेऊन आत जायची. चटणी वाटून झाली की अकोला धुऊन, ओलंच, परत जागेवर यायचं. लोणार तर दिवसातून दोनदा कोंबड्या पिऊन टाकायच्या.

इंद्रभानजींची म्हातारी आई रुपाबाई ओट्यावर बसून हे पाहत होती. तिला चिखलदऱ्याचं काही नव्हतं. तिचा सवाल एकच होता. "बापू, पातूरवरून जासान तं माह्या मामेबहिणीच्या घरी नाई गेलं तं ते काय म्हणन?"

"माय, आपुन फिराले जाऊन राह्यलो, पाहुनपनाले नाई."

"अन् मालेगावले पंचफुलाचा मामेसासरा हाये. त्याच्या दारावरून मोटार गेली अन् थांबली नाई, तं पोरीले नांदू देतीन काय थे लोकं?"

पंचफुला बाळंतपणापासून माहेरीच होती, मांडीवर चार महिन्यांचं पोर. तिनंही मान हलवली. झालं, मालेगावला दुपारचं जेवण आलं. पातूरला चहा आला. अकोल्यात इंद्रभानजींचा साडू होता, त्याच्याकडं मुक्काम केला नाही तर पुढल्या लग्नाला तो येणार नव्हता. परतवाड्याच्या वाटेवरच्या अंजनगावला कुणीच नव्हतं, तर रुपाबाईनं दोन दिवस विचार करून तिथंही एक कुणीतरी काढला. लिंबू घरंगळायचं थांबलं; ते आता पाहुण्यांच्या दारोदार फिरायला लागलं.

त्यात रतनसिंग मोटारीची बातचीत करायला आला. हा पोहरादेवीजवळच्या बंजारा तांड्यावरचा गडी. मिशीला पीळ, अंगात खाकी कोट, आणि बोलण्यात असं की मोटार त्याची आणि रामराव तिच्यात कधीमधी बसतात. त्यानं अंगणातला सगळा मुलूख डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाला, "मालक, समदं बेस हाये. पन पयले पोहरादेवी. सेवालाल महाराजाचं दर्शन घेतल्याबिगर मी पहाड चढत नाई."

"अरे, पोहरादेवी उगवतीले, चिखलदरा पार उत्तरेले!"

"देवाले कोठी दिशा रायते?"

इंद्रभानजी रात्रभर तळमळले आणि सकाळी त्यांच्या डोक्यात एक झकास युक्ती आली. त्यांची बहीण कस्तुराबाई इंझोरीला दिली होती, आणि इंझोरी पोहरादेवीच्या बाजूचीच. रतनसिंगानं एकट्यानं रिकामी मोटार घेऊन दर्शनाला जावं आणि येताना कस्तुराबाईला घेऊन यावं. एका खेपेत देवही झाला आणि बहीणही झाली. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की त्यांनी रंगूबाईला चुलीपासून उठवून दोनदा सांगितलं.

"अन् बसतीन कोठी समदे?" रंगूबाईनं विचारलं.

तेही त्यांनी ठरवलेलं होतं. त्याच दुपारी अंगणात दोन बाजा एकीमागं एक लावल्या. पुढच्या बाजेवर डाव्या अंगाला इंद्रभानजी, वाट दाखवायला. उजव्या अंगाला रतनसिंगाच्या जागी तांदळाचं पोतं. मागच्या बाजेवर रुपाबाई, रंगूबाई, मांडीवर पोर घेतलेली पंचफुला, आणि कस्तुराबाईची जागा म्हणून एक उशी. "हं, आता पातूरचा घाट लागला. समद्याइनं पुढं वाका!" इंद्रभानजी ओरडले. सगळ्या वाकल्या. "आता उतार! मांगे व्हा!" सगळ्या मागं झाल्या. तिसऱ्या वळणाला रुपाबाईनं पदर तोंडाला लावला.

"बापू, थांबव. मले मयमय होऊन राह्यली."

"माय, बाज जाग्यावरच हाये!"

"असू दे. मले उतरव." दोघांनी धरून तिला ओट्यावर नेलं आणि लिंबू चाटवलं. अंगणातली मोटार तेवढा वेळ थांबून राहिली.

त्याच आठवड्यात वाकळा बाहेर निघाल्या. माळ्यावरून, पेटीतून, शेजारणींकडून. वैशाखाच्या उन्हात इंद्रभानजींच्या कुडावर बारा जाडजूड वाकळा वाळत पडलेल्या गावानं पाहिल्या. लोक वाट वाकडी करून बघायला येत. "ऊन मस्तकात गेलं मान्साच्या," कुणी म्हणालं. इंद्रभानजी मात्र एकेक वाकळ हातानं चाचपत, पातळ लागली की रंगूबाईकडं बघून म्हणत, "हे नाई चालाची. तठी वारा हाये वारा."

निघायचा दिवस आला. मोटार दुपारी यायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पोंग्याचा आवाज ऐकून अर्धा गाव वेशीत गेला. धुळीतून मोटार अंगणासमोर थांबली, आणि इंद्रभानजींच्या तोंडचं हसू अर्ध्यावर अडलं. मागं कस्तुराबाई बसली होती, ते ठीक. पण पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, वाट दाखवण्याच्या जागेवर, पांढऱ्या लुगड्यातली एक लठ्ठ म्हातारी डोळे मिटून बसली होती.

"माह्या सासूबाई," कस्तुराबाई हळूच म्हणाली. "म्हणे, पहाड पाह्याले जाऊन राह्यली अन् मले सोडून? काय करू मी, दादा?"

"त्याइले मांगे बसव ना!"

"मांगे बसलं का मले चक्कर येते," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "तुमच्या मायले विचारा, त्याइले ठाऊक हाये."

रुपाबाईनं मोठ्या समजुतीनं मान हलवली. बाजेवरचा घाट तिच्या अजून पोटात होता.

मागं चौघी आणि पोर बसल्यावर सुपारी ठेवायला जागा उरली नाही. दशम्यांचं गाठोडं पायाशी, पाण्याची घागर दोघींच्या मध्ये, वाकळांचे दोन गठ्ठे मागं आणि एक बाजूला बांधलेला. इंद्रभानजी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारून आले, जसा माणूस देवळाला दार शोधतो. मग म्हणाले, "मी फळीवर उभा रायतो. वाट तं तठूनच चांगली दिसते." आणि दाराखालच्या फळीवर चढून, टपाचा दांडा धरून, ते रिठदबाहेर पडले. गावानं टाळ्या वाजवल्या. वाशीम येईपर्यंत त्यांच्या मिशा, भुवया, पागोटं, सगळं एका रंगाचं झालं होतं, आणि रस्त्यानं तोंड उघडून सांगितलेल्या प्रत्येक खुणेबरोबर मूठभर फुफाटा त्यांच्या पोटात गेला होता.

रामरावांच्या दारात मोटार थांबली. रतनसिंग खाली वाकला, चाकाखाली बघितलं, चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीवर हात ठेवला आणि उठून म्हणाला, "मालक, असं नाई जमाचं. कमान बसून राह्यली. फळीवर मानूस उभा रायला तं पातूरच्या घाटात गाडी मांगे येईन. एक तं तुमी उतरा, नाई तं ह्या वाकळा उतरवा."

सगळ्यांनी आधी वाकळांकडं पाहिलं. मग इंद्रभानजींकडं.

आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तिथल्या प्रत्येक बाईच्या मनात हेच होतं की वाकळा फेकाव्यात आणि माणूस घ्यावा. पण वैशाखात वाकळ लागते हे इंद्रभानजींनी महिनाभर इतकं सांगितलं होतं की आता तसं म्हणायची कुणाची छाती होईना. कस्तुराबाईच्या सासूनं तर एक वाकळ पायावर ओढूनही घेतली होती, सरावासाठी. पंचफुलाचं पोर दुधाच्या तोंडानं हसत होतं. इंद्रभानजींनी त्याच्याकडं पाहिलं.

"लेकरू हाये सोबत," ते म्हणाले. "वाकळा राहू द्या. मी उतरतो."

"मी उतरते," रंगूबाई एकदम म्हणाली आणि दाराला हात घातला. "तुमाले पाह्याचं होतं. मले काय, मी घरी चटणी वाटत बसन."

"बस खाली!" ते जरा जास्तच जोरात म्हणाले. मग खालच्या आवाजात, "तू पाहून ये. बराबर पाहून येजो. अन् मले सांगजो."

रामराव म्हणाले, "उद्याच्या लारीनं अकोल्याले जा तुमी. तठून पुढं परतवाड्याची भेटन." यात काही अवघड नव्हतं. पण लारीचं काहीच ठरवलेलं नव्हतं, आणि न ठरवता इंद्रभानजी आजवर धुऱ्यापलीकडं गेले नव्हते. ते म्हणाले, "बैलाकडं कोन पाहीन?" आणि विषय संपला. मोटार निघाली तेव्हा ते तिच्यामागं थोडं धावले. वाट दाखवायची राहिली होती: "मालेगावच्या अंदी उजवीकडं फाटा हाये, तठी जाऊ नोका!"

रिठदला घरी आले तर अंगण तसंच होतं. गडवा, उखळ, माप, विटा. त्यांनी हातपाय धुतले, भाकरीचा तुकडा खाल्ला आणि लिंबू उचलून उखळापाशी ठेवलं. दुपारी ते मालेगावला नेलं. जेवणाचा वेळ सोडला. तिन्हीसांजेला विटांवरून जपून चढवलं आणि पाट्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेतातून आल्याबरोबर निळं लुगडं ओलांडलं. शेजारी रामधन बिडी ओढायला यायचा, तो विचारायचा, "कोठी पोचले?" इंद्रभानजी सांगायचे, "घाटात हायेत. आता बोलू नोको." टोपल्यावर लिंबू चढलं त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी शिरा केला. तो जळला, पण त्यांनी खाल्ला.

सातव्या दिवशी लिंबू परातीतल्या लोणारात तरंगत होतं आणि इंद्रभानजी काठाला उकिडवे बसून त्याच्याकडं बघत होते, तेवढ्यात वेशीतून पोंगा वाजला. तोही वाशीमच्या बाजूनं. लोणारहून येणारी मोटार रिसोडच्या बाजूनं यायला हवी होती. ते ताडकन उठले. "तिकडून काहून?"

"सासूबाईले घर आठोलं," कस्तुराबाई उतरता उतरता म्हणाली. "म्हणे, एक पहाड पाह्यला, आता पुरे. लोनारले नाईच गेलो."

पाणी पिऊन झाल्यावर इंद्रभानजींनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. "हं. सांगा."

रुपाबाईनं सांगितलं की पातूरच्या मामेबहिणीनं चहात गूळ घातला, साखर नाही. पंचफुलानं सांगितलं की मामेसासऱ्यानं पोराच्या हातावर काही ठेवलं नाही. रतनसिंगानं कुठं कुठं चाक बसलं ते सांगितलं. इंद्रभानजी कासावीस झाले. "अवं, पन तलाव! तलाव कसा हाये?"

कस्तुराबाईनं प्रामाणिकपणे विचार केला. "तलाव म्हंजे, दादा, पानीच हाये. पानी कसं रायते? वलं."

"अन् पहाड?"

"उच्चा हाये."

कस्तुराबाईच्या सासूला विचारलं, तर ती म्हणाली की तिनं मोटारीतून उतरून कशाला बघायचं, मोटार वर उभी होती म्हणजे तीही वरच होती.

इंद्रभानजी उठून गोठ्यात गेले. बैलांना वैरण घातली, मग पुन्हा घातली. रंगूबाई दूध काढायच्या निमित्तानं मागून आली. चरवी खाली ठेवली आणि गव्हाणीला टेकून उभी राहिली.

"थंडी होती," ती म्हणाली. "पायटी दात वाजत. तुमच्या बाराच्या बारा वाकळा लागल्या. रतनसिंगानंही दोन घेतल्या."

इंद्रभानजींचे हात थांबले. "खरं?"

"लेकराची शप्पत. अन् एक सांगू? एके जागी कडा हाये. जमीन सरली का खाली निरी दरी. मी त्या कड्याले बसली होती. एक घार उडून राह्यली होती, पन आपल्या डोक्यावर नाई, खाली. पायाच्या खाली. आपुन जलमभर घारीचं पोट पाह्यतो. म्या तिची पाठ पाह्यली."

"कशी रायते?"

"मातकट. उनानं चमकत होती. मले वाटलं हात लावता येईन." तिनं चरवी उचलली. "तुमी पाह्याले पायजे होते. म्या लय डाव मांगे वयून पाह्यलं, का तुमाले सांगाव, अन् तुमी नाईच."

इंद्रभानजींनी त्या संध्याकाळी सगळं तीन-तीनदा विचारलं. वारा कुठून येतो, झाडं कसली, धुकं किती वेळ राहतं, पहाडातल्या कोरकू बायांच्या डोक्यावर मोळ्या केवढ्या. रंगूबाई सांगत गेली. तिनं खरोखरच बरोबर पाहून आणलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मोटार रामरावांच्या घरचीच माणसं घेऊन गेली. नंतर लढाई लागली, आणि म्हणता म्हणता पेट्रोलची मारामार झाली. रिठदचं कुणीही उत्तरेकडं निघालं की आधी इंद्रभानजींकडं यायचं. ते ओट्यावर बसून घाटाची वळणं सांगायचे, कुठल्या तलावाला कधी जावं ते सांगायचे, आणि घारीची पाठ अशी सांगायचे की ऐकणारा वर बघायचं विसरायचा. ते स्वतः गेले नव्हते हे नव्या माणसांना ठाऊक नव्हतं आणि जुन्या माणसांनी कधी सांगितलं नाही.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी, गहू-हरभरा घरात आल्यावर, एका सकाळी रंगूबाईनं दशम्या बांधल्या आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "बैल जुपा."

"कायले?"

"लोनारले जाऊ. दोघंच."

"आज? अवं, कोन्या रस्त्यानं? मुक्काम कोठी कराचा? बैलाइच्या पान्याचं काय?"

"रस्ता असन त्या रस्त्यानं. पानी असन तठी पाजू. तुमी ठरवत बसले तं मी एकटी जाईन, मले हाकता येते."

तिला हाकता येत होतं हे खरं होतं. इंद्रभानजींनी घाईघाईत बैल जुंपले, आणि रिसोड मागं पडल्यावर त्यांना आठवण झाली की पागोटं घरीच राहिलं. वाटेत एका मळ्यात उतरले, कुण्या अनोळखी माणसानं ताक पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते लोणारच्या काठावर उभे होते: सगळी जमीन एकाएकी वाटीसारखी खचलेली, उतारावर गच्च झाडी, आणि तळाशी हिरवट पाणी. इंद्रभानजी काठावर उकिडवे बसले आणि दोन्ही हात पसरून काहीतरी मापायला लागले. रंगूबाईला काळजी वाटली.

"काय झालं?"

"काई नाई. परात लयच लहान घेतली होती म्या."

खाली उतरले. पाण्याचा वास असा की दोघांनी नाकं धरली. पण तिथल्या बाया त्या पाण्यात कपडे धूत होत्या आणि साबणाशिवाय फेस येत होता. इंद्रभानजींनी आपली धुळकट बंडी काढून पाण्यात बुडवली, चोळली, आणि ती पांढरी फेक निघालेली पाहून असे खूश झाले की रंगूबाईचा पदरही धुऊ म्हणून मागं लागले. तिनं दिला नाही. मग वर येऊन गोड्या पाण्याच्या धारेखाली दोघांनी डोकी धरली आणि धर्मशाळेच्या ओट्यावर बसून दशम्या खाल्ल्या. एक दिवस राहायचं होतं, तीन दिवस राहिले. पाहुण्यांपैकी कुणालाच कळवलेलं नव्हतं, त्यामुळं कुणी वाट पाहत नव्हतं.

परतीच्या वाटेवर इंद्रभानजी पुढच्या वर्षी कुठं जायचं ते सांगायला लागले. रंगूबाई हूं हूं करत राहिली. मोपजवळ त्यांचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. तिनं पाहिलं तर कासरा सैल सोडून ते धुतलेली बंडी उशाशी घेऊन गाडीत गाढ झोपले होते. तिनं पुढं सरकून कासरा हातात घेतला आणि बैलांना रिठदच्या वाटेला लावलं.